‘ठाण्याला पाठवा’: एका शेऱ्याचा मागोवा

माझ्या लहानपणी भिवंडीत कोणी विचित्र वागले की मोठी माणसे म्हणत, ‘याला ठाण्याला पाठवा.’ कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे. नोकरीला, कोर्टकचेरीला, लग्नाच्या खरेदीला लोक रोजच तिकडे जात. पण ‘ठाण्याला पाठवा’ याचा अर्थ मात्र एकच होता.

हे वाक्य माझ्या मावसभावाने शंभरदा तरी ऐकले असेल. यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला की तो कानांत बोटे घालून भिंतीकडे तोंड करून बसे. हिशेब तोंडी करी, पण फळ्यावरचे वहीत उतरवणे त्याला जमत नसे. शाळेने ‘मठ्ठ’ असा शेरा दिला आणि सातवीत त्याचे शिक्षण संपले. घराच्या भिंतीला लागून माग असलेल्या गावात या मुलाने राहायचे कसे, हे कोणी विचारले नाही. हा सुधारणार कधी, एवढेच सगळे विचारत.

मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. वाचनालयात बसून आणि जुने कायदे मुळातून वाचून या शेऱ्याचा माग काढत गेलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

एकाच खात्यात जमा

ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे. ‘वेड्यांच्या इस्पितळां’ची कायदेशीर व्यवस्था त्याआधीच, 1858 मध्ये, लावली गेली होती. पुढे 1912 मध्ये ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ आला. त्यातली व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. ‘लुनॅटिक’ म्हणजे जडबुद्धी किंवा मन ठिकाणावर नसलेली व्यक्ती, असे ती सांगते. म्हणजे ऐन तारुण्यात आजारी पडलेला माणूस आणि जन्मापासून वेगळी जडणघडण घेऊन आलेले मूल, दोघेही एकाच खात्यात जमा. एकाला उपचार हवेत आणि दुसऱ्याला शिकवण्याची वेगळी रीत हवी, हा भेद त्या व्याख्येत नाही.

याच कायद्याने पोलिसांनी माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने त्याची रवानगी व्हायची, अशी तरतूद होती. आमच्याकडच्या ‘पाठवा’ या क्रियापदात मला तोच हुकूम ऐकू येतो. हा कायदा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकला. 1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 मध्ये लागू झाला, तेव्हा त्याने मतिमंदत्व मनोविकाराच्या व्याख्येतून वगळले.

इंग्रज येण्यापूर्वी सगळे आलबेल होते, असे मात्र कोणी समजू नये. तेराव्या शतकातल्या ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र महानुभावांनी जपले आहे. स्वतःशी बोलणे, अचानक हसणे वा रागावणे, कोणाच्याही घरात शिरणे हे सारे त्यात न लपवता नोंदले आहे. गाव त्यांना वेडेही म्हणे आणि मायबापही मानी. आजचे एखादे निदान त्यांच्यावर चिकटवणे हा इतिहासाशी खोटेपणा होईल. शिवाय त्यांना सांभाळून घेतले गेले ते देव मानून. देवपण नसलेल्या साध्या माणसाच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

दुसरे ठाणे

याच ठाण्यात 23 मार्च 1990 रोजी डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. मनाचे दुखणे घेऊन माणसाने स्वतःच्या पायांनी यावे, बोलावे आणि घरी परतावे, ही रीत तिने या परिसरात रुजवली. ‘ठाण्याला पाठवा’च्या जोडीला ‘ठाण्याला जाऊन बोलून ये’ असे म्हणता येऊ लागले. माझ्या दृष्टीने हा लहान बदल नाही.

या बोलण्यामागे एक तत्त्वज्ञान होते, आणि त्याचा प्रवास मोठा आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचे एक मूळ त्यांनी एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञात दाखवले. एपिक्टेटस जन्माने गुलाम आणि पायाने अधू होता. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, याची आधी वाटणी करा, ही त्याची शिकवण. एलिस यांचे विचार आपल्याकडे आणले ते प्रा. कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. पत्रांतून एवढे शास्त्र आत्मसात करता येते, हे वाचून माझ्यासारख्या घरी बसून शिकणाऱ्याला धीर आला. पुढे नाडकर्णी यांनी याच विचाराची वेदान्ताशी सांगड मराठीतून घातली.

या पद्धतीतला सर्वांत मोलाचा विचार म्हणजे निःशर्त आत्मस्वीकार. माणसाच्या एखाद्या कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत. फळ्यावरचे उतरवता येत नाही, हे एका कृतीचे वर्णन झाले. ‘मठ्ठ’ हा शेरा अख्ख्या माणसावर मारलेला असतो.

कान म्हणजे विचार नव्हे

पण इथेच एक अडचण उभी राहते. त्रास घटनेने होत नाही, घटनेकडे पाहण्याच्या दृष्टीने होतो, असे ही पद्धत शिकवते. परीक्षेत नापास झालेल्याला याचा आधार मिळतो. मागाच्या आवाजाने कळवळणाऱ्या मुलाला तेच सांगितले, तर त्याचा त्रास हीच त्याची चूक ठरते. त्याचे कान हा काही त्याचा अविवेकी विचार नाही.

हे बोट ठेवले ते मुख्यतः स्वमग्न व्यक्तींनी. 1993 मध्ये टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न वक्त्याने पालकांना सांगितले की, तुमच्या मुलामागे कुठलेही दुसरे ‘नॉर्मल’ मूल लपलेले नाही. जे समोर आहे त्याच्याशी नाते जोडा. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांच्या प्रबंधात ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द आला. माणसांच्या मेंदूंत वैविध्य असणारच, असा त्याचा आशय. मुंबईत 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘उम्मीद’ बालविकास केंद्राने मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची कथनपद्धती आपल्या कामात आणली. समस्या माणसापासून वेगळी काढून तिच्याकडे पाहायचे, हे तिचे सूत्र. तिच्यामागे फूको या फ्रेंच तत्त्वज्ञाचा विचार आहे: ‘नॉर्मल’ कोण, हे ठरवण्याची सत्ता कोणाकडे असते?

आपल्याकडे कायदा सावकाश पुढे सरकला. महाराष्ट्राने 1996 मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती दिल्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी होऊन दाखला मिळे. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. ते 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकार मानले. त्यांत स्वमग्नताही आहे आणि अध्ययन अक्षमताही. शिवाय त्या व्यक्तीसाठी भोवतालात वाजवी बदल करून देणे हे कर्तव्य ठरवले.

माझ्या मते एपिक्टेटसच्या वाटणीत इथे तिसरा वाटा पडतो. शरीराची घडण माझ्या हातात नाही. ‘मी मठ्ठ आहे’ हा समज सोडणे माझ्या हातात आहे, आणि त्यासाठी समुपदेशकाची मदत घेता येते. मात्र वर्ग, कारखाना आणि घर बदलणे इतरांच्या हातात असते. केवळ मधल्या वाट्यावर थांबणारे समुपदेशन अपुरे आहे.

भिवंडीत हा तिसरा वाटा अधिकच अवघड आहे. इथे घरोघरी उर्दू, कोकणी, मराठी, तेलुगू, भोजपुरी बोलली जाते. मूल वेगळ्या घडणीचे आहे की त्याला शाळेची भाषाच परकी आहे, हे त्याच्या घरच्या भाषेत बोलल्याशिवाय कळणार कसे? दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवणे तर सगळ्यांना परवडतही नाही.

मावसभावाचे पुढे काय झाले, ते सांगतो. एका मागवाल्याने त्याला धागे जोडण्याचे काम दिले. नवे बीम चढवताना जुन्या धाग्यांना नवे धागे एकेक करून जोडावे लागतात, आणि तेव्हा माग बंद असतो. आजूबाजूचे मागही थांबलेले असावेत म्हणून त्या गृहस्थांनी त्याला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलवायला सुरुवात केली. त्यांनी एलिस वाचला नव्हता आणि कायदा यायला अजून बरीच वर्षे होती. त्यांनी फक्त त्यालाच विचारले होते, ‘अरे, तुला कधी यायला जमेल?’ तोवर घरात आम्ही कोणी त्याला हे विचारले नव्हते.