जोर वजनात नाही, तोलात आहे

1870च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी पुण्यात ज्या खेळाचे नियम बांधले आणि ज्याला काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखले जाई, त्या बॅडमिंटनमध्ये स्मॅशचा जोर येतो कुठून? रॅकेट जड तितका फटका जोरदार, हा समज जुना आहे. रॅकेटचा इतिहास मात्र उलट सांगतो: शंभर वर्षांत तिचे वजन घटत गेले आणि स्मॅश वेगवान होत गेला. म्हणून हलकेपणालाच सारे श्रेय द्यावे, तर तेही अर्धेच खरे. माझ्या मते खरा बदल वेगळा आहे. उरलेले वजन कुठे ठेवायचे, हे ठरवण्याची मुभा कारागिराला मिळाली.

लाकडी रॅकेटमध्ये ती मुभा जवळजवळ नव्हती. अ‍ॅशसारख्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकावर एक चिकटवून चौकट तयार होई आणि तिच्यात आतड्याची तात ओवली जाई. हा ताण सोसण्यापुरती चौकट जाड ठेवावीच लागे, त्यामुळे रॅकेट शंभर ग्रॅमच्या बरीच वर जाई. दमट हवेत चौकट वाकडी होऊ नये म्हणून खेळ संपला की ती प्रेसमध्ये घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवावे लागत. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी 1956 साली मलायातील सेलांगोरची स्पर्धा जिंकली, ती याच लाकडी रॅकेटच्या जमान्यात. पुढे पोलादी दांडी आली, मग अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि शेवटी कार्बन फायबर. जपानच्या निगाता भागातील योनेक्स ही कंपनी 1946मध्ये मासेमारीच्या जाळ्यांसाठी लाकडी तरंगे बनवत सुरू झाली. प्लास्टिकने तो धंदा हिरावल्यावर ती 1957पासून रॅकेटकडे वळली. कार्बनने कारागिराचे हात मोकळे केले, कारण चौकट ताठ राहण्यासाठी जाडच हवी, ही अट त्याने सैल केली.

तोलाचे गणित सोपे आहे. रॅकेट फिरवताना जाणवणारा जडपणा वस्तुमानावर आणि हातापासूनच्या अंतराच्या वर्गावर ठरतो. हातापासून 60 सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम 20 सेंटिमीटरवरच्या एका ग्रॅमच्या नऊपट अडवतो. 85 ग्रॅमच्या रॅकेटमधले जेमतेम दीड ग्रॅम मुठीकडून डोक्याकडे नेले, तर तोलबिंदू सुमारे एक सेंटिमीटर पुढे सरकतो. बोटावर रॅकेट तोलून पाहणाऱ्या खेळाडूला एवढा फरकही कळतो. दोन रॅकेट काट्यावर सारख्याच भरतात आणि हातात वेगळ्या लागतात, त्या यामुळेच.

यावर क्रिकेटचा दाखला पुढे येईल: जड बॅटने चेंडू लांब जातो, मग इथे का नाही? क्रिकेटचा चेंडू दीडशे ग्रॅमच्या वर असतो, शटल जेमतेम पाच ग्रॅमचे. इतक्या हलक्या वस्तूवर आघात करताना डोक्यात आणखी वजन भरून होणारा फायदा लवकरच आटतो आणि डोक्याचा वेग निर्णायक ठरतो. मग रॅकेट हलकी करतच का जाऊ नये? कारण मनगट आणि हात यांचे स्वतःचे वजन उरतेच. एका मर्यादेपलीकडे रॅकेट हलकी केली तरी हात फारसा वेगाने फिरत नाही, उलट आघाताला लागणारे डोक्याचे वजन मात्र कमी होते. म्हणून स्मॅशवर भर देणारे खेळाडू बहुधा डोक्याकडे झुकलेली रॅकेट घेतात, तर दुहेरीत नेटजवळ झटपट परतवणाऱ्याला मुठीकडे झुकलेली सोयीची पडते.

जोर खेळाडूचा असतो, साधनाचा नव्हे, हा आक्षेप मात्र मला मोलाचा वाटतो. 2023मध्ये जपानमध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग ताशी 565 किलोमीटर नोंदवला गेला, तेव्हा त्यामागे त्याची उंची, खांदा आणि वर्षांची मेहनत होती. तोल ती मेहनत शटलपर्यंत पोहोचवतो, तिची जागा घेत नाही. नियमांतही चौकटीच्या लांबी-रुंदीला मर्यादा आहे, वजनाला नाही. म्हणजे निवड खेळाडूवर सोपवलेली आहे. म्हणून नव्या खेळाडूला रॅकेट देताना किती ग्रॅमची, एवढेच विचारून थांबू नये. त्याच्या हाताला तिचे डोके दिवसभर वेगाने फिरवता येते का, हे आधी पाहावे.