योग्य मजुरीत मालकाचेही हित

मजुरी वाढली की शेतकरी बुडतो, असे आपण सहज म्हणतो. मराठवाड्याचा इतिहास निराळे सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात हिंगोली तालुका परभणी जिल्ह्यात होता. शेतातले काम आटले. माणसे खडी फोडण्यास गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना त्याच सुमारास राज्यभर पोहोचली. १९७९ पासून तिला कायद्याचे बळ लाभले. १९८८ मध्ये तिची मजुरी दुप्पट झाली. गावातच दुसरे काम मिळू लागल्याने शेतमालकांनाही रोजंदारी वाढवणे भाग पडले. मात्र याच मजुरांनी बांधलेल्या पाझर तलावांचे पाणी मालकांच्याच विहिरींत झिरपले.

आज वसमतची हळद पाहू. काढणी व शिजवणी वेळेवर व्हावी लागते. ऐन हंगामात मजूर ऊसतोडीला परमुलखात असेल, तर पीक काढावे कोणी? संसार चालेल एवढी मजुरी देणारा मालक सरावलेले हात गावात राखतो. तो पैसाही गावच्याच बाजारात फिरतो.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये न्याय्य वेतन हा कामगाराचा हक्क मानला. आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतनाचे ध्येय ठेवले. ते पाळण्यात मालकाचेही कल्याण आहे, असे आम्हांस वाटते.