बाराखडी बोटाखाली

मंडळी, आपण बहुतेक ब्लॉगवाले मराठी टंकायला शिकलो ते रोमन अक्षरांवरून. बरहा असो नाहीतर गमभन, इंग्रजी कळफलक आधीच हाताखालचा होता, म्हणून जमलं. पण ज्यांना मराठी उत्तम लिहिता येतं आणि इंग्रजी कळफलकाशी ज्यांचा कधी संबंध आला नाही, त्यांनी काय करायचं? त्यांना आधी इंग्रजी, मग मराठी हा द्राविडी प्राणायाम कशाला? अनिरुद्ध जोशी यांच्या कामाकडे मी वळलो तो याच प्रश्नामुळे.

या गोष्टीचा एक धागा आपल्या पुण्यातून जातो. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक आणला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि तिथल्या जिस्ट गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. इनस्क्रिप्टची मांडणी हुशारीची आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळीवर. सराव झाला की हात भराभर चालतो. पण सराव हवाच! कचेरीत दिवसभर टंकणाऱ्याला तो परवडतो. आठवड्यातून दोन ओळी लिहिणारा माणूस त्याच्या वाटेला जात नाही.

जोशींनी नेमका हाच माणूस समोर ठेवला. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे अभिकल्प शिकवणाऱ्या विभागात, त्यांनी अनेक वर्षं अध्यापन केलं. त्यांचा विषय माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद. २००४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'कीलेख' हा कळफलक मांडला. त्यात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने होती. शाळेत पाठ केलेलं क-ख-ग-घ हेच ज्ञान वापरायचं, नवीन काही शिकवायचं नाही. आराखडा करायचा, लोकांना वापरायला द्यायचा, ते कुठे अडतात ते बघायचं आणि पुन्हा बदलायचा, ही त्यांची पद्धत.

पुढे मोबाइल आले. २००८ साली 'रांगोळी' आली. जेमतेम वाचता येणाऱ्यांसाठी केलेली ही फोनवही. नावं वाचण्याऐवजी रंग आणि चित्रं यांवरून माणूस शोधायचा. २०१३ साली अँड्रॉइडवर 'स्वरचक्र' आलं. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती क, का, कि, की असं चक्र उमटतं. हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवायचं की झालं. बाराखडीच गोल करून ठेवलेली! माझी आत्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिच्या फोनवर स्वरचक्र घालून दिलं, आणि चार दिवसांनी तिचा पहिला संदेश आला, "पोचले. काळजी नसावी." अगदी तिच्या पोस्टकार्डासारखा.

मला त्यांच्या गटाची आणखी एक गोष्ट आवडते. २०१६ च्या मोबाइल एचसीआय परिषदेत गिरीश दळवी, जोशी आणि सहकाऱ्यांनी प्रश्न मांडला, की मराठी टंकताना फोन शब्द सुचवतो त्याचा खरंच उपयोग होतो का? आपण सगळे होतो असं गृहीत धरून चाललो होतो. त्यांनी नवख्या लोकांकडून पुन्हा पुन्हा मराठी टंकून घेतलं आणि मोजून पाहिलं. मराठीसाठी इतकं मोजमाप करण्याच्या फंदात कोण पडतं?

आज बरेच जण जीबोर्ड वापरतात, नाहीतर सरळ बोलून लिहितात. मग स्वरचक्राचं यश किती मानायचं? संशोधनाचा परिणाम निबंधांच्या संख्येवरून मोजतात, किंवा किती जणांनी ॲप घेतलं त्यावरून. मला तिसरं माप महत्त्वाचं वाटतं. 'लोकांना जमत नाही' असं म्हणण्याऐवजी 'यंत्राची मांडणी चुकली आहे' असं म्हणायला कोणी शिकवलं, हे ते माप. पूर्वी कळफलक यायचा आणि माणसाने त्याच्यासमोर बसून शिकायचं. जोशींच्या कामात कळफलकाला मराठी शाळेत जावं लागलं.

असो. तुमच्या घरातली ज्येष्ठ मंडळी फोनवर मराठी कशी लिहितात? की ती अजून फक्त आपलं वाचतात, आणि त्यांचं लिहिणं राहूनच गेलंय? जरूर कळवा.