व्हॉट वर्क्स कार्यक्रम

व्हॉट वर्क्स कार्यक्रम : स्त्रिया व मुलींवरील हिंसा घडण्यापूर्वीच रोखण्यासाठी कोणते उपाय खरोखर उपयोगी पडतात, हे तपासणारा ब्रिटिश सरकारच्या निधीवरील आंतरराष्ट्रीय संशोधन कार्यक्रम. पहिल्या टप्प्यासाठी (२०१४–१९) ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने सुमारे २ कोटी ५० लाख पौंड दिले.

रचना : कामाचे तीन भाग होते. प्रतिबंधक उपक्रमांच्या मूल्यमापनाचे नेतृत्व दक्षिण आफ्रिकी वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, तर युद्धग्रस्त व विस्थापितांमधील अभ्यासाचे इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीकडे होते. हिंसेची आर्थिक व सामाजिक किंमत गॉलवे येथील आयरिश विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली घाना, पाकिस्तान आणि दक्षिण सुदानमध्ये मोजली गेली.

संशोधनाची शिस्त : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हिंसेविषयीच्या पाहणीत एका घरातील एकाच स्त्रीला आणि एकांतातच प्रश्न विचारतात. मध्येच कोणी आले, तर मुलाखत घेणारी व्यक्ती लगेच विषय बदलते. उत्तर दिल्याबद्दल त्या स्त्रीला पुन्हा मार खावा लागू नये, ही पहिली अट. त्यामुळे मुलाखतकारांचे प्रशिक्षण आणि समुपदेशनाची सोय यांवरचा खर्च अशा संशोधनात टाळता येत नाही.

निष्कर्ष : रुआंडातील ‘इंदाशिकिर्वा’ उपक्रमात बचत गटांतील जोडप्यांना २१ सत्रांचे प्रशिक्षण मिळाले. मत्सर, दारू, घरातील पैशांचे निर्णय अशा रोजच्या विषयांवर पती-पत्नी एकत्र बोलले. दोन वर्षांनी या स्त्रियांनी सांगितलेल्या हिंसेत मोठी घट आढळली. याच उपक्रमातील गावपातळीवरील प्रबोधनाने मात्र हिंसा घटल्याचे दिसले नाही. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया व त्यांचे जोडीदार यांच्यासाठी ‘संवेदना प्लस’ राबवले गेले. तेथे मारहाण रास्त मानण्याची वृत्ती कमी झाली आणि स्त्रियांमधील एकजूट वाढली. मात्र हिंसा घटल्याचा पुरावा मिळाला नाही.

महत्त्व : हिंसा काही वर्षांतच कमी करता येते, हे या कार्यक्रमाने पुराव्यानिशी दाखवले. फसलेल्या उपायांची नोंदही तितकीच मोलाची आहे. तिच्याअभावी निष्प्रभ उपक्रमांवर पैसा खर्च होत राहतो आणि त्याची किंमत स्त्रिया मोजतात. जगातील जवळपास दर तीन स्त्रियांपैकी एकीने आयुष्यात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ मधील अंदाज आहे. या प्रश्नाच्या व्याप्तीपुढे पहिल्या टप्प्याचा निधी तुटपुंजाच ठरतो. यशस्वी उपाय मोठ्या प्रमाणावर राबवण्यासाठी दुसऱ्या, सात वर्षांच्या टप्प्यात ६ कोटी ७५ लाख पौंडांपर्यंत तरतूद जाहीर झाली.