वेगळी चूल मागणारे बापूजी



भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की बोदवड मागे पडतं आणि मलकापूर येतं. मलकापूर आलं म्हणजे आपला खानदेश संपला, वऱ्हाड लागलं. माती तीच काळी, कापूस तोच. आपल्या लेकी तिकडे दिल्यात, तिकडच्या सुना आपल्याकडे आल्यात. तरी तिकडे एक बोलणं कानावर येतं, ते आपल्याकडे फारसं येत नाही. ते म्हणजे ‘वेगळा विदर्भ’.

वेगळं व्हायचं म्हणणाऱ्याला आपण चटकन फुटीर म्हणून मोकळ्या होतो. घरात धाकट्या जावेनं वेगळी चूल मांडायचं नुसतं नाव काढलं तरी ‘हिनंच घर फोडलं’ असं साऱ्या गल्लीत होतं. ती तसं का म्हणाली, हे कुणी विचारत नाही. आज आम्ही तुम्हाला अशाच एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. त्यांचं नाव माधव श्रीहरी अणे. लोक त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणत.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. घरी वेदविद्येची परंपरा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, काही वर्षं अमरावतीला शाळेत शिकवलं, मग वकील होऊन यवतमाळला राहिले. लोकमान्य टिळकांना त्यांनी गुरू मानलं ते जन्मभर. म्हातारपणी टिळकांचं चरित्र लिहिलं, तेही संस्कृतात, बारा हजारांवर श्लोकांचं. ‘तिलकयशोर्णव’ हे त्याचं नाव. त्या ग्रंथाला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा बापूजी हयात नव्हते.

१९३० साली गांधीजींनी मीठ उचललं. वऱ्हाडाला समुद्र कुठला? पण जंगल होतं, आणि त्या जंगलातलं गवत कापायला सरकारची परवानगी लागायची. गुरांना चारा आणायचा तर दंड. हे दुखणं आपल्या सातपुड्यातल्या बायांना वेगळं सांगायला नको. १० जुलै १९३० ला बापूजींनी पुसदजवळच्या जंगलात जाऊन विळ्यानं गवत कापलं आणि अटक करून घेतली. वकील माणूस मूठभर गवतासाठी तुरुंगात गेला.

पण बापूजींचा सगळाच रस्ता सरळ होता असं आम्ही म्हणणार नाही. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, म्हणजे इंग्रजांच्या सरकारात बसले. पुढच्याच वर्षी ‘छोडो भारत’ झालं. चंद्रपूरकडच्या चिमूर गावात ऑगस्ट १९४२ मध्ये उठाव झाला. तो मोडायला आलेल्या शिपायांनी गावातल्या बायकांवर अत्याचार केले. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले आणि थेट बापूजींच्या बंगल्यावर उपोषणाला बसले. आपल्याच भागातला माणूस सरकारात आहे, त्यानं चिमूरला यावं आणि चौकशी करावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. भन्साळींना तिथून हलवलं गेलं, पण त्यांनी उपास सोडला नाही. तो उपास ६३ दिवस चालला.

चिमूरच्या बायकांची बाजू त्या काळात बापूजी सरकारात बसून किती लावून धरू शकले, हा प्रश्न आम्हाला पडतो. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना असे प्रश्न गिळू नयेत. पण पुढचंही सांगायला हवं. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी पुण्याच्या आगाखान महालात कैदेत असताना २१ दिवसांचा उपास मांडला. सरकार त्यांना सोडेना. तेव्हा बापूजींनी आणि आणखी दोघा सदस्यांनी राजीनामे दिले. पुढे ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते.

आता विचार करा. हा माणूस देशासाठी तुरुंगात गेला, देशाचा राज्यपाल झाला. मग सत्तरी ओलांडल्यावर त्यानं वेगळ्या विदर्भाचा झेंडा का धरला?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. विदर्भ आपल्यासारखा मुंबई इलाख्यात नव्हता. तो मध्यप्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता आणि त्याची राजधानी होती नागपूर. सचिवालय तिथं, १९३६ पासून हायकोर्टही तिथं. पण त्या प्रांतात मराठी आणि हिंदी असे दोन भाग होते आणि वऱ्हाडच्या कापसाचा पैसा दुसरीकडे खर्च होतो, अशी तक्रार होती. म्हणून १९३८ सालीच नागपूरच्या विधिमंडळानं वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता. म्हणजे ही मागणी महाराष्ट्र राज्य जन्माला येण्याच्या आधीची आहे. एकत्र राहून मग भांडून निघालेला हा भाऊ नव्हे, हा एकत्र येण्याआधीच हिस्सा विचारत होता.

सगळ्या मराठी लोकांचं एक राज्य व्हावं म्हणून १९५३ मध्ये नागपूर करार झाला. विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा आणि नोकऱ्या मिळतील, सरकार दर वर्षी काही काळ नागपूरला येईल, असं त्यात ठरलं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं मात्र वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. हे राज्य आपल्या पैशावर चालू शकेल, असं आयोगाचं म्हणणं होतं. ती शिफारस सरकारनं मानली नाही. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

बापूजींना हे पटलं नाही. हिंदी बोलणाऱ्यांची अनेक राज्यं चालतात, मग मराठी बोलणाऱ्यांची दोन का चालू नयेत, असा वेगळ्या विदर्भवाल्यांचा सवाल होता. त्यांना देश सोडायचा नव्हता, मराठीही सोडायची नव्हती. कारभार जवळ हवा होता आणि हिशोब आपल्या हातात हवा होता. नागपूरची लोकसभेची जागा आधी अनसूयाबाई काळे यांच्याकडे होती. त्याच अनसूयाबाई, ज्या १९३७ साली मध्यप्रांताच्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या होत्या आणि ज्यांनी चिमूर-आष्टीच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून जिवाचं रान केलं. त्यांच्यानंतर त्या जागेवर बापूजी निवडून गेले. १९६२ लाही, वयाच्या ऐंशीनंतर, नागपूरकरांनी त्यांनाच पाठवलं. २६ जानेवारी १९६८ ला ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं. वेगळं राज्य मागणाऱ्याला देशानं फुटीर म्हटलं नाही, सन्मान दिला.

सयांनो, तुम्ही म्हणाल, हे विदर्भाचं झालं, आपला काय संबंध?

संबंध आहे. १९५५ मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिलं. मराठी मुलखाची एकापेक्षा जास्त राज्यं करावीत, असं त्यांनी त्यात सुचवलं. त्यांच्या मांडणीत आपले पूर्व आणि पश्चिम खानदेश मराठवाड्याबरोबर मध्य महाराष्ट्रात होते. मोठ्या राज्यात मागासलेल्या भागाकडे दुर्लक्ष होतं, ही काळजी त्यांनाही होती.

प्रत्यक्षात काय झालं? १९९४ मध्ये राज्यात तीन विकास मंडळं झाली. एक विदर्भाचं, एक मराठवाड्याचं, आणि तिसऱ्याचं नाव ‘उर्वरित महाराष्ट्र’. उर्वरित म्हणजे उरलेला. आपण त्या उरलेल्यात. एकाच ताटात मुंबई, पुणे आणि आपलं धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा. मुंबई-पुण्याची श्रीमंती आणि धडगावची गरिबी एकत्र करून सरासरी काढली, तर ती चांगलीच दिसणार. एकत्र कुटुंबात थोरल्याची मुलं दूध पितात आणि धाकटीच्या लेकराला ताक मिळतं, पण हिशोबाला ‘घरात दूध आहे’ असंच लिहिलं जातं, त्यातली ही गत. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हाही आपण उरलेलेच होतो.

ज्यांनी ओरड केली त्यांच्या नावाचं मंडळ झालं. ज्यांनी केली नाही ते उरले.

आणि वेगळं होणं आपल्याला काही नवीन नाही. १९०६ ला एका खानदेशाचे दोन जिल्हे झाले. १९९० पर्यंत आपल्या कॉलेजांचा कारभार पुणे विद्यापीठातून चाले. मग जळगावला आपलं विद्यापीठ आलं आणि आता त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. मुलीला कागदासाठी पुण्याला धाडायला जे घर तयार होत नाही, ते जळगावला धाडतं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला. कलेक्टरची कचेरी डोंगरातल्या बाईच्या जवळ आली. यातल्या कुठल्याही वाटणीनं नातं तुटलं नाही.

पण दुसरी बाजूही झाकून चालणार नाही. नंदुरबार वेगळा झाला तरी कुपोषणाच्या बातम्या थांबल्या नाहीत. नवी चूल मांडली म्हणून भांड्यात धान्य येत नाही. त्या चुलीपाशी कोण बसतं आणि वाढप कुणाच्या हातात आहे, त्यावर सगळं ठरतं. वेगळं राज्य झालं आणि तिथंही तेच चार पुढारी बसले, तर धडगावच्या बाईला काय फरक पडणार?

म्हणून वेगळा खानदेश हवा की नको, याचं उत्तर आम्ही आज देत नाही. आमच्या गटातही त्यावर एकमत नाही. दोघी म्हणतात हवा, एकीला ते अजिबात पटत नाही, बाकीच्या ऐकून घेतात. पण एका गोष्टीवर आम्ही सगळ्या एक आहोत. वेगळं मागणाऱ्याला फुटीर म्हणायच्या आधी त्याचा हिशोब ऐकावा. आणि वेगळं मागणारा आपल्या दारी मत मागायला आला, तर त्यालाही विचारावं की बाबा, वाटणीनंतर आमच्या ताटात काय पडेल?

येत्या ग्रामसभेत एवढंच करा. गावाला किती पैसा आला आणि तो कुठं गेला, तो कागद वाचून दाखवायला सांगा. लाजू नका. बापूजींनी वयाच्या ऐंशीनंतरही हिस्सा विचारायचं सोडलं नव्हतं.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.