चेतकचे सुटे भाग : काउंटरवरील नमुना ते ऑनलाईन क्रमांक

प्रस्तावना

मोटार वाहनांच्या इतिहासाचे लेखन बहुधा कारखान्याच्या प्रवेशद्वारापाशी सुरू होते आणि विक्रीच्या आकड्यांपाशी संपते. वाहन ग्राहकाच्या दारी आल्यानंतर पुढील वीस-तीस वर्षे ते कशाच्या आधारावर चालते, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. वस्तुतः भारतासारख्या देशात, जेथे एक स्कूटर वडिलांकडून मुलाकडे आली, तेथे हा प्रश्न मध्यवर्ती मानावयास हवा. प्रस्तुत लेखात बजाज चेतक या स्कूटरच्या सुट्या भागांचा व्यापार विचारात घेतला आहे. पुण्यातील नाना पेठेच्या काउंटरवरून हा व्यापार ऑनलाईन खरेदीकडे अंशतः कसा वळला आणि त्या वळणात काय मिळाले, काय गमावले, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे. ऑनलाईन भाग स्वस्त की महाग, एवढ्यापुरतीच या विषयाची चर्चा सामान्यतः होते. परंतु भाग ओळखण्याची जबाबदारी दुकानदाराकडून ग्राहकाकडे सरकली, हा या बदलाचा खरा ऐतिहासिक आशय होय.

आयात, परवाना आणि प्रतीक्षा

स्वातंत्र्यापूर्वी मुंबई बंदरात मोटारी येत त्या बहुतांशी सुट्या स्वरूपात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणी कारखाना सुरू केला होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, ज्यांच्यापाशी देशांतर्गत उत्पादनाचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम नाही अशा जुळणी कंपन्यांना वाव उरला नाही आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम आवरते घेतले. त्यांच्या मोटारी मात्र रस्त्यावर राहिल्या. निर्माता निघून गेला आणि वाहन मागे उरले, असे निराधार वाहन भारतीय बाजारपेठेने मोठ्या संख्येने प्रथम पाहिले ते याच काळात. मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणी मोडीतील मोटारींच्या भागांना जे महत्त्व आले, त्यामागे हंगामी टंचाईपेक्षा हे कारण अधिक खोल होते.

दुचाकीचा इतिहास थोडा निराळा आहे. बजाज समूहाने १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी वाहनांची आयात व विक्री केली, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळविला आणि पुढे इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर तयार केली. हा करार १९७१ मध्ये संपुष्टात आल्यानंतर १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणारी चेतक बाजारात आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने 'प्रिया' ही भावंडे शोभावी अशी स्कूटर काढली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती आणि चेतकची नोंदणी करून ग्राहकास कित्येक वर्षे, काही वेळा दहा वर्षांपर्यंत, थांबावे लागे. ज्या वस्तूसाठी एवढी प्रतीक्षा केली, ती बिघडली म्हणून कोणी टाकून देत नसे. दुरुस्तीची संस्कृती ही काटकसरीच्या स्वभावातून आली असे म्हणण्याचा प्रघात आहे. तिची मुळे या प्रतीक्षायादीतही आहेत.

नाना पेठ : नमुन्यावर चालणारा व्यापार

आकुर्डीचा कारखाना, पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरातील लहान कारखानदारी आणि शहरातील हजारो स्कूटरी यांच्यामध्ये नाना पेठेची सुट्या भागांची बाजारपेठ उभी राहिली. अरुंद दर्शनी भाग, आत छतापर्यंत गेलेले खण, दारावर लटकणाऱ्या केबल व टायर-ट्यूब आणि काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस, असे येथील दुकानाचे रूप. काउंटरवरचा हा माणूस बहुधा मालक नसे, नोकर असे. परंतु दुकानाची खरी मालमत्ता त्याच्या डोक्यात असे. मेकॅनिकने झिजलेला भाग काउंटरवर ठेवावा, त्याने तो हातात घेऊन उलटा-सुलटा करावा आणि न विचारता मागच्या खणातून योग्य डबी काढावी, अशी ही पद्धत. 'जुना नमुना घेऊन या' हे या बाजाराचे पहिले सूत्र होते.

हा आग्रह केवळ सवयीचा नव्हता, हे चेतकच्या रचनेवरून स्पष्ट होते. दीर्घकाळ उत्पादनात राहिलेल्या या स्कूटरमध्ये वेळोवेळी बदल झाले. आरंभीच्या गाडीत सहा व्होल्टची विद्युत व्यवस्था व कॉन्टॅक्ट पॉइंटची प्रज्वलन पद्धत होती, पुढे बारा व्होल्ट व इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले, आणि अखेरच्या काळात तर टू-स्ट्रोकऐवजी फोर-स्ट्रोक इंजिनही आले. नाव एकच, गाड्या अनेक. त्यातही कित्येक मालकांनी जुन्या गाडीला नंतरच्या काळातील भाग बसवून घेतले. मग नोंदणी पुस्तकातील वर्ष पाहूनही आतील भागाचा अंदाज येत नसे.

पिस्टनचे उदाहरण याहून बोलके आहे. सिलिंडर झिजला की तो लेथवाल्याकडून बोअर करून घ्यावयाचा आणि त्याच्या वाढलेल्या मापाचा ओव्हरसाईज पिस्टन व रिंगा बसवावयाच्या, अशी दुरुस्तीची रीत. कारखान्यातून निघालेल्या गाडीचे माप 'स्टँडर्ड'. पुढे प्रत्येक बोअरला ते थोडे वाढत जाते. म्हणजे दोन शेजाऱ्यांनी एकाच दिवशी एकाच विक्रेत्याकडून घेतलेल्या दोन चेतकना पंधरा वर्षांनी दोन निरनिराळे पिस्टन लागू शकतात. कोणता पिस्टन लागेल हे गाडीच्या नमुन्यावर अवलंबून नसून तिच्या चरित्रावर अवलंबून असते. हे चरित्र मेकॅनिकला ठाऊक असे, लेथवाला ते मापून सांगे आणि काउंटरवरचा माणूस त्यानुसार डबी देई. तिघांचे मिळून एक ज्ञान होते आणि ते कोठेही लिहिलेले नव्हते.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. मेकॅनिकला एक भाव आणि अनोळखी गिऱ्हाइकाला दुसरा, हा येथील रिवाज होता. पक्की पावती मागणाऱ्याकडे नवलाने पाहिले जाई. नामांकित कंपनीच्या डबीत दुय्यम माल भरून विकण्याचे प्रकार देशभरच्या अशा बाजारांत चालत आणि 'ओरिजिनल', 'लोकल' व 'डुप्लिकेट' यांतील सीमारेषा विक्रेत्याच्या शब्दावर ठरे. भागाच्या किमतीत मेकॅनिकचा वाटा मिसळलेला असे, तो मालकाला दिसत नसे. 'इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तर जवळपास प्रत्येक दुकानात आढळे. स्वतःची स्कूटर स्वतः चालविणारी स्त्री या काउंटरवर भाग विकत घ्यावयास जाणे दुर्मीळच होते. तेथील गर्दी आणि भाषा दोन्ही पुरुषांची होती.

अंतरावरून खरेदीची जुनी परंपरा

वस्तू न पाहता दूरवरून मागविणे ही इंटरनेटची देणगी आहे, असा समज प्रचलित आहे. तो बरोबर नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्येच व्हॅल्यू पेएबल पोस्ट म्हणजे व्ही.पी.पी.ची सोय केली होती. वस्तू पोस्टमनने आणावयाची आणि पैसे त्याच्या हाती द्यावयाचे, ही ती पद्धत. पुस्तके, औषधे, घड्याळे यांप्रमाणे यंत्रांचे लहान भागही अशा रीतीने पाठविता येत. जड माल रेल्वे पार्सलने जाई. महाराष्ट्रात त्यात एस.टी.ची भर पडली. तालुक्याच्या गावचा मेकॅनिक ट्रंक कॉल करून, पुढे एस.टी.डी. बूथवरून, पुण्याच्या ओळखीच्या दुकानदाराला भाग सांगे आणि तो सायंकाळच्या गाडीने येई. मात्र या साऱ्या व्यवहारात फोनच्या दुसऱ्या टोकाला एक जाणकार माणूस होता. तो उलट प्रश्न विचारी : गाडी कोणत्या साली घेतली, पॉइंटची की इलेक्ट्रॉनिक, आधी बोअर झाले आहे काय? पुढील काळातील बदल समजून घेण्यासाठी हा उलट प्रश्न ध्यानात ठेवावयास हवा.

क्रमांक आणि छायाचित्र

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००० मध्ये मुंबईत सुरू झालेले बाझी हे लिलावाचे संकेतस्थळ २००४ मध्ये ईबेने विकत घेतले. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकांच्या विक्रीने सुरू झाले, तर ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतातील व्यवहार आरंभिला. वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची सोय या कंपन्यांनी लोकप्रिय केली, तेव्हा व्ही.पी.पी.चेच नव्या वेषात पुनरागमन झाले, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

याच सुमारास चेतकची अवस्था पालटली होती. नव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास तिचे उत्पादन थांबले आणि २००९ च्या अखेरीस बजाज ऑटोने स्कूटरनिर्मितीतूनच बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या काळात ऑनलाईन बाजार वाढत होता, नेमक्या त्याच काळात चेतक निराधार वाहनांच्या पंक्तीत जाऊन बसली. त्यामुळे काउंटरवर न मिळणारा भाग परगावच्या एखाद्या दुकानात वर्षानुवर्षे पडून असेल तर तो ऑनलाईन सापडू लागला. जळगाव किंवा लातूरच्या मालकाला पुण्याची फेरी वाचली. छापील किंमत समोर दिसू लागली, पावती मिळू लागली, चुकीचा माल परत करण्याची मुदत मिळाली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि २०२० चे ई-वाणिज्य नियम यांनी तक्रार निवारणाची जबाबदारीही लेखी करून ठेवली. ज्या ग्राहकाला नाना पेठेत कोणी विचारीत नव्हते, त्याला ही समता मिळाली, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

परंतु ऑनलाईन विक्री क्रमांकावर आणि छायाचित्रावर चालते. जोवर गाडी उत्पादनात आहे आणि कंपनीची भागसूची अद्ययावत आहे, तोवर क्रमांक पुरेसा असतो. बंद पडलेल्या गाडीच्या बाबतीत मूळ क्रमांकाचा भाग संपलेला असतो आणि 'चेतकसाठी' एवढ्याच वर्णनावर पर्यायी माल विकला जातो. २०२० पासून चेतक हेच नाव विजेवर चालणाऱ्या निराळ्याच स्कूटरला मिळाल्यामुळे नावाने शोधणाराची आणखी पंचाईत झाली. येथे उलट प्रश्न विचारणारा कोणी नसतो. माप, व्होल्ट, वर्ष हे सारे ग्राहकाने स्वतः ठरवावयाचे आणि चुकले तर ती चूक त्याची.

ही चूक नेहमी परत करण्याजोगी नसते. रबराच्या ऑइल सीलचे उदाहरण घेता येईल. दहा-पंधरा वर्षे न वापरता पडून राहिलेले सील नवे दिसते, मूळ कंपनीचे असते, त्याचे छायाचित्रही आकर्षक येते. पण रबर कडक झालेले असते. काउंटरवरचा माणूस ते अंगठ्याने दाबून पाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे सील हवा धरीनासे झाले तर मिश्रणात बाहेरची हवा मिसळते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. चार पैशांच्या रबरापायी बोअरचा खर्च उभा राहतो. तोवर माल परत करण्याची मुदत केव्हाच संपून गेलेली असते.

पद्मिनीचे उदाहरण

मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीशी तुलना केल्यास आणखी एक बाब उलगडते. प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात घडविलेल्या या मोटारीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले, तरी तिचे भाग पुढील दोन दशके मुंबईत मिळत राहिले. कारण तिच्या टॅक्सी धावत होत्या. रोज धंदा करणारे वाहन भागांची नियमित मागणी निर्माण करते आणि त्या मागणीवर लहान कारखानदार व दुकानदार जगतात. टॅक्सीला २००८ मध्ये पंचवीस आणि २०१३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा घालण्यात आली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. त्यानंतर पद्मिनीच्या भागांची मागणी हौशी संग्राहकांपुरतीच उरली. संग्राहक वर्षातून एकदा भाग घेतो, टॅक्सीवाला महिन्यातून एकदा घेत असे. अशा विरळ, विखुरलेल्या मागणीला ऑनलाईन व्यापार मानवतो, पेठेतील भाडे भरणाऱ्या दुकानाला ती परवडत नाही. दुकाने ऑनलाईनमुळे बंद पडतात, या सरसकट विधानात म्हणूनच दुरुस्ती करावी लागते. पुष्कळदा वाहन आधी जाते, दुकान मागाहून.

मोडीचा प्रश्न

जुन्या वाहनांच्या भागांचा तिसरा स्रोत म्हणजे मोड. पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईतील कुर्ल्याची भंगार बाजारपेठ येथे खोललेल्या गाड्यांचे ड्रम, दांडे, पत्र्याची डिकी मिळत आली. जे भाग आता कोणी बनवीत नाही, ते येथूनच येतात. ऑनलाईन विकले जाणारे कित्येक जुने भागही मुळात येथलेच. २०२१ मध्ये केंद्र शासनाने वाहन मोडीत काढण्याचे धोरण व नोंदणीकृत मोड केंद्रांचे नियम आणले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क तीनशेवरून एक हजार रुपये झाले. प्रदूषणाच्या दृष्टीने या धोरणामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि गाडी केंद्रात जाऊन तिचा पत्रा वितळला, तर तिच्या अंगावरचे चांगले भाग रस्त्यावर राहिलेल्या दुसऱ्या चेतकला मिळणार कोठून, याचा विचार या चर्चेत फारसा झालेला नाही.

दरम्यान मेकॅनिकांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. तालुक्याच्या गावी गाडी खोलल्यावर झिजलेला भाग फरशीवर ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून, त्याचे छायाचित्र मोबाईलवरून पुण्याच्या जुन्या ओळखीच्या काउंटरवर पाठविले जाते. तिकडून उलट प्रश्न येतो, दुसऱ्या बाजूचे छायाचित्र मागितले जाते, कधी मापाची खात्री होईपर्यंत चार-पाच फोन होतात. पैसे यूपीआयने क्षणात पोहोचतात. भाग मात्र अजूनही सायंकाळच्या एस.टी.नेच येतो.