फायटर मासा, काचेचा बाऊल आणि सोलापूरची थंडी

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, तलवारी, तह हेच आठवतं. आजचा भाग एका माशाबद्दल आहे. जेमतेम दोन-अडीच इंचाचा मासा. आपण त्याला फायटर म्हणतो, इंग्रजीत बेट्टा. आणि प्रश्न अगदी घरगुती आहे: या माशाला टाकी कसली हवी, आणि सोलापूरसारख्या भट्टीत राहून त्याला हीटर कशाला लागतो? उत्तर शोधत मी थायलंडला गेलो, पॅरिसला गेलो, बसवकल्याणला गेलो. म्हणजे पुस्तकातून हो, एसटीने नाही.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी एक निळा फायटर आणला. दुकानदार म्हणाला, "याला काही लागत नाही. ना पंप, ना मोठी टाकी. चिवट मासा आहे." मी खूश. दोन लिटरचा गोल बाऊल, खाली रंगीत खडे, झालं घर तयार. पहिले पंधरा दिवस राजासारखा फिरत होता. मग खाणं कमी झालं. मग पंख मिटून तळाशी बसायला लागला. मला वाटलं आजारी आहे, म्हणून दुकानातून कसलंसं निळं औषध आणून टाकलं. तेवढ्यात गड्ड्याची यात्रा आली. संक्रांतीच्या त्या रात्री गारठा असा पडला, की मी घरातली सोलापुरी चादर बाऊलभोवती गुंडाळली. म्हटलं, आता तरी ऊब लागेल बिचाऱ्याला.

सकाळी मासा आडवा पडलेला.

आमची आज्जी पूर्वभागात राहिलेली. यंत्रमागाच्या खटखटाटात बसून आयुष्यभर विड्या वळल्या तिने. तिने पाण्यात बोट घातलं आणि म्हणाली, "अरे, पाणी बर्फ झालंय की. आजारी कुठला, गारठलाय तो."

मी म्हटलं, "आज्जी, चादर गुंडाळली होती की."

तर म्हणाली, "दही लावताना आधी दूध कोमट करतेत, मग गुंडाळतेत. गार दुधाला गुंडाळून काय होतंय?"

आज्जी शाळेत फार गेली नव्हती, पण उष्णतेचा सगळा धडा त्या एका वाक्यात आला. चादर ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवते फक्त. आणि माझ्या बाऊलमध्ये ऊब नव्हतीच.

मग मला प्रश्न पडला. हा मासा बाऊलमध्ये राहतो, असं सगळं जग का म्हणतं? हे आलं कुठून?

आधी त्याच्या गावी जाऊ. फायटर मूळचा थायलंडचा, म्हणजे जुन्या सयामचा. भातखाचरं, दलदल, गवताळ उथळ पाणी. अशा साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. म्हणून या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्या-घड्यांचा अवयव असतो. वर येऊन तो थेट हवेतून श्वास घेतो. थाई लोक त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. नर एकमेकांना बघितलं की भिडतात, म्हणून लोकांनी झुंजीसाठी ते पाळले. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी या माशाचा जनुकीय अभ्यास छापला. त्यांचा अंदाज असा, की माणसाने हा मासा पाळायला लागून किमान हजार वर्षं झाली. म्हणजे इकडे सोलापुरात सिद्धरामेश्वर व्हायच्याही आधी! २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं.

आता नीट ऐका, कारण बाऊलचं मूळ इथे आहे. दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी. हवेतून श्वास घेतो, म्हणून बरणीत पंप नसला तरी चालतं. आणि तिसरी गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही: बँकॉकचं सरासरी तापमान वर्षभर साधारण २६ ते ३० अंशांच्या आसपास असतं. बरणी नुसती कट्ट्यावर ठेवली तरी पाणी आपोआप माशाला हवं तेवढं कोमट. तिथला हीटर म्हणजे तिथली हवा.

शास्त्राच्या पुस्तकात या माशाची नोंद झाली ती आपल्या बाजूने. थिओडोर कँटर नावाचा डॅनिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या वैद्यकीय सेवेत होता. सयामच्या राजाकडचे काही मासे त्याच्यापर्यंत पोचले, असं सांगतात. १८४९ साली त्याने या माशाचं वर्णन छापलं. पण त्याने दिलेलं नाव आधीच दुसऱ्या एका माशाला दिलेलं निघालं. म्हणून १९१० मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स टेट रेगनने नवं नाव दिलं: बेट्टा स्प्लेंडेन्स. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा.

त्याच काळात युरोपात टाकीचं वेड सुरू झालं होतं. १८५०च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की पाण्यात मासे आणि वनस्पती एकत्र ठेवल्या तर तोल साधता येतो. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप गॉसने 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक काढलं आणि तो शब्द घरोघरी गेला. १८६९ मध्ये पॅरिसच्या पिएर कार्बोनिएकडे चीनमधून पॅराडाइज फिश आले. फायटरचा हा चुलतभाऊ, तोही वर येऊन हवा घेणारा. मग हळूहळू उष्ण देशातले आणखी मासे यायला लागले.

पण युरोपातली घरं थंड. मग त्यांनी काय केलं? टाकीचा तळ काचेऐवजी पाटीच्या दगडाचा केला आणि खाली दिवा पेटवला. कधी तेलाचा, कधी गॅसचा. म्हणजे चुलीवर पातेलं ठेवावं तसं! रात्री वात मोठी राहिली तर मासे उकडणार, विझली तर गारठणार. पुढे वीज आली आणि पाण्यात बुडवायचा हीटर आला.

तरी हीटर कधी बंद व्हायचा हे त्याला कळणार कसं? त्यासाठी एक जुनी युक्ती कामाला आली. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन हा इंग्रज घड्याळजी जहाजावरची घड्याळं बनवत होता. उष्णतेने घड्याळ मागे-पुढे होऊ नये म्हणून त्याने दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. तापल्या की एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी. त्यामुळे पट्टी वाकते. ही वाकणारी पट्टी पुढे विजेच्या बटणासारखी वापरता आली. घरातली इस्त्री तापली की टक् करून दिवा जातो ना? तीच करामत. टाकीच्या साध्या हीटरमध्येही हीच पट्टी वर्षानुवर्षं वापरली गेली.

आता आपल्याकडे या. आपल्याला मासे पाळणं साहेबाने शिकवलं असं कोणाला वाटत असेल, तर थांबा. सोलापूरपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर बसवकल्याण आहे. ती कल्याणी चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, बाराव्या शतकातला, ११२९-३०च्या सुमाराचा. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. त्यात समुद्रातले मासे, नदीतले मासे, खवल्यांचे, बिनखवल्यांचे असं वर्गीकरण आहे. कोणत्या माशाला काय खायला घालायचं तेही आहे. आता हे सगळं गळ टाकून पकडायच्या खेळासाठी होतं हे खरं, पण मासा ओळखल्याशिवाय त्याला चारा घालू नये, ही समज त्यात आहे.

त्याच शतकात आपल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळं खोदून घेतलं. आजही मंदिराभोवती तेच तळं आहे. संक्रांतीच्या पहाटे तिथे उभं राहिलात तर हवा बोचते, पण तळ्याचं पाणी एका रात्रीत फारसं बदलत नाही. का? कारण पाणी प्रचंड आहे. जास्त पाणी हळू तापतं, हळू निवतं. माझ्या दोन लिटरच्या बाऊलचं काय? दिवसा खोलीसारखं, रात्री खोलीसारखं. रोजचा झोका. मासा स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. पाणी जितकं गार, तितकं त्याचं रक्त गार, पचन मंद, प्रतिकारशक्ती कमी.

म्हणजे आपण नेमकं काय केलं बघा. थायलंडची बरणी घेतली, पण थायलंडची हवा घेतली नाही. युरोपची काच घेतली, पण तिच्याखालचा दिवा घेतला नाही. दोन्हीकडचं अर्धं-अर्धं उचललं. दुकानदार खोटं बोलत नव्हता, त्याने कुठूनतरी ऐकलेलं अर्धं वाक्य मला दिलं. उरलेलं अर्धं होतं: "…पण पाणी कोमट पाहिजे."

"अरे, सोलापुरात कसली थंडी?" हे मला सगळे विचारतात. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, हे आपलं ठरलेलंच. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पंधरा-सोळापर्यंत येतात, कधी त्याहून खाली. फायटरला २४ ते २८ लागतं. दुसऱ्या वर्षी मी हीटरच्या आधी थर्मामीटर आणला आणि रोज सकाळी वहीत आकडा लिहिला. जानेवारीत माझ्या खोलीतलं पाणी १८. आणि मे महिन्यात दुपारी ३३! म्हणजे माझ्या शहराची अडचण दोन्हीकडून आहे. ती ना लंडनच्या पुस्तकात आहे, ना बँकॉकच्या.

मग मी काय मांडलं ते सांगतो.

टाकी वीस-पंचवीस लिटरची. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी पाऊण भरली तरी तेवढं पाणी मावतं. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण मासा वर-खाली कमी आणि आडवा जास्त फिरतो, आणि श्वासाला त्याला वर यावं लागतं. आत हवेवर चालणारा स्पंजचा फिल्टर, अगदी मंद, कारण एवढे मोठे पंख घेऊन त्याला प्रवाहात पोहता येत नाही. वर झाकण, कारण हा मासा उड्या मारतो. आणि झाकणाखालची हवा ओलसर, कोमट राहते, तीच तो श्वासात घेतो.

हीटर साधारण लिटरला एक वॉट धरून. वीस लिटरला २५ वॉटचा चालतो, खोली फार गार असेल तर ५०चा. तापमान ठरवता येईल असाच घ्या, २६वर लावा. आणि त्याच्यावर आंधळा विश्वास नको: थर्मामीटर वेगळा, टाकीच्या दुसऱ्या टोकाला. पाणी बदलताना आधी प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. वायर सॉकेटच्या खाली लोंबत ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात जात नाही. बिलाची काळजी? २५ वॉटचा हीटर दिवसातून बारा तास चालला तरी महिन्याला नऊ युनिट. आणि तेही थंडीचे तीन महिने.

लाईट गेली तर? आता चादर काढा! आता ती उपयोगी आहे, कारण आत कोमट पाणी आहे. आज्जीचं दही.

उन्हाळ्यात हीटर बंद. झाकणाऐवजी जाळी, आणि पाण्यावरून छोटा पंखा. माठातलं पाणी जसं गार होतं, तसं बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतं. पाणी कमी होत राहतं, ते भरत राहायचं. बर्फ मात्र टाकायचा नाही, तो झोका माशाला सोसत नाही.

आणि पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला काय सांगायचं? बॅरल भरून ठेवतोच आपण. उघड्या बॅरलमध्ये क्लोरीन बराचसा उडून जातो, हा आपला फायदा. तरी क्लोरीन मारायचे थेंब टाकलेले बरे. पण हिवाळ्यात ते पाणी थेट ओतू नका. थोडं गरम पाणी मिसळून टाकीइतकं करा, मग आठवड्याला पाव टाकी बदला. थायलंडमध्ये टाकीत बदामाची वाळलेली पानं टाकतात. आपल्या शाळांच्या अंगणात असतं तेच ते देशी बदामाचं झाड. स्वच्छ धुतलेलं एक पान माझ्याही टाकीत असतं. मासा त्याच्या आडोशाला झोपतो.

आज्जी आता नाही. दुसरा फायटर मात्र तिने बघितला होता. लाल होता. एका जानेवारीत रात्री टाकीपाशी आली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे दिवा कशाला लागलाय आत?"

म्हटलं, "आज्जी, दूध कोमट करतोय."

हसली. बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, "आता लागंल दही."

तर मंडळी, घरात फायटर असेल तर आज रात्री एवढंच करा. शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर मिळेल तेव्हा मिळेल, आत्ता नुसतं बोट बुडवा. गार लागलं तर त्याला औषध नको आहे, ऊब हवी आहे. भेटू पुढच्या भागात.